लंडनमधली आठ घरं आणि ताईचं बोट

बुधवार

लंडनमधली संग्रहालय झालेली जुनी घरं सोमवारी-मंगळवारी बहुतेक बंद असतात, हे कळण्यात आमचे सोमवार आणि मंगळवार गेले. म्हणून बुधवारी सकाळी दहाच्या आधीच लिंकन्स इन फील्ड्स या चौकाच्या उत्तरेला रांगेत उभे राहिलो. मी आणि ताई. ताई माझी सख्खी मोठी बहीण. एकतीस वर्षं ग्रंथपाल होती. कसर, वाळवी आणि धूळ यांच्याशी भांडण्यात तिची नोकरी सरली. राजवाडे आणि अवाढव्य संग्रहालयं तिला नको होती. “माणसं राहिलेली घरं दाखव,” एवढी एकच अट.

पहिलं घर सर जॉन सोन यांचं. गवंड्याचा हा मुलगा पुढे बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुरचनाकार झाला. १७९२ मध्ये त्यानं इथलं १२ नंबरचं घर घेतलं, मग शेजारचं १३, नंतर १४, आणि पाडापाडी-बांधाबांधी करत आत जगभरातलं सामान भरत गेला. ग्रीक कलश, रोमन खांबांचे तुकडे, प्लास्टरचे साचे, घड्याळं, इमारतींची मॉडेल्स. आतल्या वाटा इतक्या अरुंद की बॅग पाठीवर घेऊन चालणं म्हणजे एखाद्या देवतेचं नाक उडवणं. बॅग पोटाशी धरून, अंग चोरून पुढे सरकायचं.

दहाव्या मिनिटाला ताईनं खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, उजेडात धरलं आणि माझ्यापुढे केलं. बोट स्वच्छ.

“इथली धूळ कोण पुसतं रे?”

मी हसलो. पण प्रश्न गंभीर होता, आणि पुढचे चार दिवस तो माझ्या मागे लागणार होता. धूळ म्हणजे बाहेरची मातीच असं आपल्याला वाटतं. असल्या घरांत तिचा मोठा भाग येणाऱ्यांच्या अंगावरून येतो: कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण, केस. हवेत दमटपणा असेल तर ती वस्तूवर नुसती बसत नाही, हळूहळू चिकटून बसते. पुसावी तर प्रत्येक पुसण्यानं वस्तू कणभर झिजते, न पुसावी तर ती घट्ट होते. त्यामुळे फडकं मारायचा प्रश्नच नसतो. मऊ केसांच्या कुंचल्यानं धूळ अलगद उडवायची आणि दुसऱ्या हातातल्या, तोंडाला जाळी बांधलेल्या व्हॅक्यूमच्या नळीत पकडायची. ताई हे ऐकून म्हणाली, “पुस्तकांच्या माथ्यावर मी हेच करायचे, फक्त नळी नव्हती.”

सोनच्या चित्रांच्या खोलीत आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. खोली लहानशी, पण भिंती म्हणजे बिजागऱ्यांवरच्या मोठ्या फळ्या. कर्मचारी येतो, कडी काढतो आणि कपाटाचं दार उघडावं तशी भिंत उघडते. आत आणखी चित्रं. ती फळीही उघडते, आणि आपण खालच्या मजल्यावर डोकावत असतो. एवढ्याशा जागेत शंभरावर चित्रं मावली आहेत. त्यातच होगार्थची ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची मालिका आहे. बापाचा पैसा हाती येताच उधळणारा, जुगारात बुडणारा आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचणारा एक पोरगा त्यात आहे.

सोननं ती मालिका १८०२ मध्ये घेतली, तेव्हा त्याला घरातलं पुढचं ठाऊक नव्हतं. धाकटा मुलगा जॉर्ज कर्जात बुडाला. १८१५ मध्ये त्यानं बापाच्या कामाची खिल्ली उडवणारे लेख निनावी छापले. ते कोणाचे हे आई एलायझाला कळलं आणि काही आठवड्यांत ती गेली. सोननं ते लेख फ्रेम करून त्यांवर लिहिलं, ‘जॉर्ज सोननं दिलेले मृत्यूचे घाव’. मग १८३३ मध्ये त्यानं संसदेकडून चक्क एक कायदाच करून घेतला: माझ्यामागे घर मुलाकडे जाणार नाही, राष्ट्राकडे जाईल, आणि मी मरताना असेल तसंच शक्यतो राहील. सोन १८३७ मध्ये गेला. बाप-लेकाच्या भांडणातून उभं राहिलेलं हे घर आजही फुकट बघता येतं.

तळघरात सेती पहिला या फॅरोची शवपेटी आहे. अलाबास्टरची, नऊ फुटांहून लांब, आतून-बाहेरून चित्रलिपीनं भरलेली. ब्रिटिश म्युझियमनं नको म्हटल्यावर सोननं १८२४ मध्ये ती दोन हजार पौंडांना घेतली, आत आणण्यासाठी भिंत फोडली, आणि पुढच्या वर्षी तीन रात्री दिवे लावून लोकांना मेजवानी दिली. दगड इतका पातळ की आत दिवा ठेवला तर बाहेर उजेड पाझरतो. एकेकाळी ती पांढरी होती आणि अक्षरांत निळा रंग भरलेला होता. थडग्यात हजारो वर्षं टिकलेला तो रंग लंडनच्या हवेत बहुतेक झडला, दगड पिवळसर पडला. आता ती काचेत आहे.

“उशीर केला,” ताई म्हणाली.

तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर निघता निघता मिळालं. सोन गेल्यावर त्याच्या घरची हाउसकीपर, मिसेस कॉन्डुइट, हिलाच संग्रहालयाची ‘इन्स्पेक्ट्रेस’ नेमलं होतं. ताई एकदम खूश. मला वाटतं, अख्ख्या घरात तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

गुरुवार

फ्लीट स्ट्रीटच्या मागच्या बोळांत शिरून, दोनदा चुकून, गॉफ स्क्वेअर सापडला. १७ नंबरचं घर डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचं. १७४८ ते १७५९ ते इथे भाड्यानं राहिले आणि वरच्या माळ्यावर सहा लेखनिकांना घेऊन त्यांनी इंग्रजीचा शब्दकोश रचला. तो १७५५ मध्ये छापून आला. बेचाळीस हजारांवर शब्द.

कालच्या खच्चून भरलेल्या घरानंतर हे घर जवळजवळ रिकामं वाटतं. चित्रं आहेत, काही खुर्च्या-टेबलं आहेत, पण जॉन्सनच्या स्वतःच्या वस्तू थोड्याच. रेनॉल्ड्स हा चित्रकार त्यांना भेटायला आला तेव्हा जॉन्सन तीन पायांच्या खुर्चीवर बसले होते म्हणे. अशा गृहस्थाच्या मागे काय उरणार? समोरच्या दाराला मात्र जाडजूड साखळी आहे आणि दारावरच्या झरोक्यात खिळ्यांचा गज. चोर लहान पोराला झरोक्यातून आत सोडायचे आणि ते आतून कडी काढायचं, म्हणून हा बंदोबस्त. त्या साखळीपाशी मी जितका थांबलो, तितका कुठल्याही तैलचित्रापाशी थांबलो नाही.

माळ्यावर गेलो. लांबट, उजेडाची, रिकामी खोली. ताई मध्यभागी उभी राहून म्हणाली, “टेबलं अशी आडवी लावली असणार. खिडकी डाव्या हाताला.” कार्डं, खोके, वर्णानुक्रम यांत जन्म गेलेल्या बाईला ते दिसतच होतं. पण या खोलीचं छत जॉन्सनच्या काळातलं नाही. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांत ते जळालं. आग विझवणारे जवान त्या दिवसांत याच घरात विसाव्याला येत. घर सांभाळणाऱ्या बाई शेजारच्या चिमुकल्या घरात कुटुंबासह राहत होत्या. घराचं अंग शाबूत राहिलं, ते अशा लोकांमुळे.

इथेच फ्रान्सिस बार्बरचं चित्र बघितलं. जमैकात गुलाम म्हणून जन्मलेला हा मुलगा १७५२ मध्ये, जॉन्सनची बायको गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, या घरात नोकर म्हणून आला, आणि शेवटी जॉन्सननं बहुतेक सगळी मिळकत त्याच्याच नावे केली. मुलाला वगळणारा सोन काल बघितला होता, नोकराला वारस करणारा जॉन्सन आज.

बाहेर चौकात जॉन्सनच्या हॉज या मांजराचा पुतळा आहे, शेजारी कालवाच्या शिंपल्यासकट. जॉन्सन त्याच्यासाठी कालवं स्वतः विकत आणायचे, नोकराला मांजराच्या कामाला जुंपलं तर तो मांजरावर राग काढेल म्हणून.

दुपारी डिकन्सचं घर, ४८ डाउटी स्ट्रीट. १८३७ ते १८३९ तो इथे राहिला, ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ इथेच पूर्ण केलं. घर छान मांडलंय, जरा जास्तच छान. स्वयंपाकघरात किडे खायला पाळत तसा काटेरी हेजहॉगसुद्धा ठेवलाय. मला लक्षात राहिली ती एक लोखंडी जाळी: डिकन्सच्या बापाला कर्जापायी डांबलं होतं त्या मार्शल्सी तुरुंगातली. कोणी ती पाडकामातून उचलून आणली नसती तर भंगारात गेली असती. पाय दुखत होते, लवकर परतलो.

शुक्रवार

हॉलंड पार्कच्या बाजूला लेटन हाउस. फ्रेडरिक लेटन हा व्हिक्टोरियन काळातला बडा चित्रकार, रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष. त्याला लॉर्ड केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला, २५ जानेवारी १८९६. त्यानं जॉर्ज एचिसन या वास्तुरचनाकाराकडून तीस वर्षं हे घर वाढवत नेलं, आणि त्यात झोपायची खोली एकच ठेवली. स्वतःची. अरुंद पलंगाची, साधी. पाहुण्यांनी यावं, दिपून जावं, मुक्काम करू नये, असाच हिशेब दिसतो.

दिपायला होतंच. अरब हॉल नावाच्या दालनात सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दमास्कसच्या टाइल्स भिंतभर लावल्या आहेत, वर सोनेरी मोझॅकचा पट्टा आणि घुमट, मधोमध काळ्या दगडातलं कारंजं. कारंजाला कठडा नाही. दगड इतका गुळगुळीत आणि काळा की पाणी दिसतच नाही. लेटनचे पाहुणे त्यात पडल्याचे किस्से आहेत आणि आमच्यासमोर एक बाई थोडक्यात वाचल्या. बाजूच्या मोरपंखी निळ्या टाइल्स विल्यम डी मॉर्गनच्या. दमास्कसहून आलेल्या नक्षीत जिथे तुकडे कमी पडले, तिथेही त्यानंच जोड दिले. कुठला जुना आणि कुठला त्याचा, हे ओळखायच्या खेळात मी सपशेल हरलो.

ताई म्हणाली, “टाइल्स घेतल्या हे शहाणपण. ओल्या फडक्यानं पुसता येतात, उन्हानं विटत नाहीत.” खरंच आहे, भट्टीत पक्का झालेला रंग उजेडाला दाद देत नाही. पण या घराचं दुखणं वेगळं. लेटन गेल्यावर त्याच वर्षी आतलं सामान क्रिस्टीजच्या लिलावात विकलं गेलं. गालिचे, भांडी, चित्रं, सगळं पांगलं. भिंतीला चिकटलेलं तेवढं उरलं. तेव्हापासून हे संग्रहालय गेलेल्या वस्तू हुडकतंय. जुने फोटो बघून एखादी सापडली की आणते, नाही तर तिच्यासारखी शोधते. सोनच्या घरी एक खुर्ची हलवायची तरी कायदा आडवा येतो, इथे खुर्ची कुठे गेली याचा शोध चालू आहे.

जवळच स्टॅफर्ड टेरेसवर सॅम्बोर्न हाउस. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार लिन्ली सॅम्बोर्न याचं. अंधारं, खचाखच, भिंतीवर चित्राला चित्र टेकलेलं. न्हाणीघरातल्या संगमरवरी टबात तो फोटो धुवायचा, कारण व्यंगचित्रातल्या माणसाची ढब जमावी म्हणून आधी फोटो काढायचा. त्याची बायको मॅरियन हिनं तीसेक वर्षं रोजनिशी लिहिली: कोण जेवायला आलं, कुठली मोलकरीण सोडून गेली, काय महाग झालं. ती रोजनिशी नसती तर हे घर म्हणजे जुन्या सामानाची वखार वाटली असती. इथे एका खुर्चीवर काटेरी बोंडाची वाळकी काडी ठेवलेली दिसली. ‘बसू नये’ अशी पाटी लावण्यापेक्षा इंग्रजांनी शोधलेला हा उपाय. वाचता न येणाऱ्यालाही समजतो.

शनिवार

हॅम्पस्टेड. २० मेर्सफील्ड गार्डन्स, मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांचं शेवटचं घर. १९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडावं लागलं तेव्हा ते ८२ वर्षांचे होते, जबड्याच्या कॅन्सरनं पोखरलेले. इथे जेमतेम वर्षभर राहिले आणि २३ सप्टेंबर १९३९ रोजी गेले. मुलगी ॲना १९८२ पर्यंत इथे राहिली आणि तिनं वडिलांची अभ्यासिका होती तशी ठेवली. १९८६ मध्ये घर संग्रहालय झालं.

अभ्यासिकेत पडदे ओढलेले. अंधाराला डोळे सरावायला मिनिटभर लागतं. मग समोर ते प्रसिद्ध, रुग्णांना आडवं व्हायचं कोच, वर इराणी गालिचा अंथरलेला, उशाला उश्यांचा ढीग. पडदे वातावरणासाठी असावेत असं मला वाटलं होतं. ताईनं सुधारलं. लोकर आणि कापडाला पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड देऊ नये असा संग्रहालयांचा ढोबळ नियम आहे. तैलचित्रांना दोनशेपर्यंत चालतो. उजेडानं विटलेला रंग परत येत नाही, आणि आजचा उजेड कालच्या उजेडात जमा होत जातो. गालिच्याला दुसरी भीती कसरीची. ती अळी लोकर खाते, आणि तिला अंधारच आवडतो. ताई म्हणाली, “उजेड दिला तर रंग जातो, अंधार दिला तर कसर लागते. मधल्या मध्ये आपण.”

लिहायच्या टेबलावर मात्र मूर्तींची फौज. फ्रॉइडनी दोन हजारांवर प्राचीन वस्तू जमवल्या होत्या: इजिप्शियन, ग्रीक, रोमन, चिनी. टेबलावरच्या छोट्या देवता लिहिताना त्यांच्याकडे बघत बसलेल्या असायच्या. भाला हरवलेली एक अथेना त्यांची लाडकी. आणि त्या गर्दीत विष्णू! हस्तिदंताचा, शेषाच्या फण्याखाली बसलेला. १९३१ मध्ये, त्यांच्या पंचाहत्तरीच्या वर्षात, कलकत्त्याच्या इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटीनं तो पाठवला होता. गिरींद्रशेखर बोस यांची ही संस्था. पुढे हस्तिदंताला चिरा पडू लागल्या, तेव्हा कलकत्त्याची सवय असलेल्या देवाला व्हिएन्नाची हवा सोसत नसावी, अशी शंका फ्रॉइडनी विनोदानं लिहून ठेवली आहे. विनोद सोडा, कारण तेच. सुकी हवा लागली की हस्तिदंत आणि लाकूड आकसतं.

आता ताईच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. लंडनला सामान पोचल्यावर ही खोली व्हिएन्नासारखी लावायची होती. मुलगा अर्न्स्ट होताच, पण कुठली मूर्ती कुठे हे डोळे मिटून सांगू शकणारी व्यक्ती होती पाउला फिख्टल, घरची मोलकरीण. वर्षानुवर्षं तिनंच त्या उचलून पुसल्या होत्या, पुन्हा जागेवर ठेवल्या होत्या.

“बघ,” ताई म्हणाली. आणखी काही बोलली नाही.

व्हिएन्नाचं मूळ घर आजही आहे, बेर्गगासे १९. तिथेही संग्रहालय आहे, पण कोच इथे असल्यामुळे खोल्या बऱ्याचशा रित्या. एका माणसाची दोन घरं, एकीकडे भिंती, दुसरीकडे सामान.

तिथून चालत अर्ध्या-पाऊण तासावर १० किंग हेन्रीज रोड. ही चाल आमची आम्ही ठरवलेली. दोन घरं एका दिवशी बघायचा विचार पायांना पटला नाही, पण ते असो. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध याच काळातला. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनानं घर विकत घेतलं आणि १४ नोव्हेंबरला त्याचं उद्घाटन झालं. पुढे निवासी घराचं संग्रहालय करण्यावरून वाद झाला, कौन्सिलनं परवानगी नाकारली, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारनं ती दिली.

दाराशी ताईनं न बोलता बूट काढले. कोणी सांगितलं नव्हतं.

भिंतींवर फोटो आणि वचनं, टेबलावर कागद, पलंगाशेजारी पुस्तकं आणि चष्मा. सगळं मागाहून मांडलेलं. भाड्यानं राहिलेल्या विद्यार्थ्याचं सामान शंभर वर्षं कोण जपून ठेवणार? मी तसं म्हणालोही. ताई पुस्तकांकडे बघत होती. “१९१७ मध्ये त्यांची पुस्तकं ज्या बोटीनं पाठवली होती ती बुडवली होती ना रे, युद्धात?” मी हो म्हटलं. शिष्यवृत्ती संपली म्हणून शिक्षण अर्धं टाकून ते परत निघाले होते, स्वतः एका बोटीवर आणि ग्रंथ दुसऱ्या. ग्रंथांची बोट टॉर्पेडोनं गेली. तीन वर्षांनी पैसे जमवून ते पुन्हा लंडनला आले आणि पुन्हा पुस्तकं जमवली. दादरचं ‘राजगृह’ त्यांनी बांधलं तेच ग्रंथांना जागा हवी म्हणून.

या घरात ताईनं कशावरूनही बोट फिरवलं नाही.

रविवार

शेवटचं घर खोटं. १८ फोल्गेट स्ट्रीट, स्पिटलफील्ड्स. डेनिस सेव्हर्स या कॅलिफोर्नियाहून आलेल्या अवलियानं १९७९ मध्ये अठराव्या शतकातलं हे पडीक घर घेतलं आणि त्यात जर्व्हिस नावाचं रेशीम विणणारं एक कुटुंब वसवलं. ते कुटुंब कधी नव्हतंच. दहा खोल्यांत त्यांच्या पिढ्या राहतात, आणि आपण आत शिरलो की ते नुकतेच बाहेर गेलेले असतात. १९९९ मध्ये सेव्हर्स गेला, घर चालूच आहे.

नियम एकच, बोलायचं नाही. फोन बंद. ताईनं पहिल्याच खोलीत “अरे हे—” म्हणताच तिथल्या माणसानं ओठांवर बोट ठेवलं. मेणबत्त्या, लाकडाचा धूर, लवंग आणि संत्र्याच्या सालीचा वास. अर्धवट खाल्लेला पाव, सांडलेला कप, अंथरूण विस्कटलेलं. वर चढत जावं तसं घर गरीब होत जातं. सगळ्यात वर विणकरांची खोली. दोरीवर कपडे, फुटकी भांडी, छताच्या कोपऱ्यात जळमटं. सगळं काजळलेलं.

ताई तिथे बराच वेळ उभी होती. मला खाली जायचं होतं, पण हाक मारता येत नव्हती.

रस्त्यावर आल्यावरही ती थोडी चालली आणि मग थांबली.

“डाव्या कोपऱ्यातलं जळमट खरं होतं,” ती म्हणाली. “कोळी होता आत.”